मे महिन्यातले वडील

वैशाख लागला की टेंभुर्णीत दुपारी बारा ते चार कुणीच राहत नाही असं वाटतं. माणसं घरातच असतात, पण दारं ओढून घेतलेली, आणि गल्लीत कुत्रंसुद्धा आवाज करत नाही. माझी थोरली बहीण आक्का आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडलेली असते. कडब्याच्या गंजीवरून गरम वारा येतो, दाराची कडी हलते, कुणी आलं असं वाटून मी मान वर करतो. कुणी आलेलं नसतं.

अशा वेळी मला समुद्र ऐकू येतो. वेड लागलं म्हणा हवं तर. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना समुद्र ही पोथीतली गोष्ट वाटते आणि मी वाटू देतो. मी तो तीनदा पाहिला, पण कानात बसला आहे तो पहिल्या खेपेचा, एका आठवड्याचा. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं नांदताहेत. लोकांना मी सांगितलं होतं की मित्राकडे हवापालटाला चाललोय. खरं म्हणजे मी माझी मुलगी परत आणायला चाललो होतो.

ती तिकडे कशी गेली ते सांगायला हवं. माझी मास्तरकीची पहिली नोकरी जालन्याला. कापसातली सरकी काढायच्या जिनामागे खोल्यांची एक ओळ होती, त्यात मी आणि रुक्मिण राहत होतो. भिंतीला भिंत लावून सखाराम राहायचा, जिनातला फिटर, कोकणातला माणूस, आणि त्याची बायको बायो. दोघी बायकांचे दिवस मागेपुढेच भरले. बायोचं मूल जन्मून दोन दिवसांत गेलं. पंधरवड्यानं आमची गोदावरी जन्मली आणि पाचव्या दिवशी रुक्मिण गेली. मी स्मशानातून परत आलो तेव्हा बायोनं पोरीला पदराखाली घेतलं होतं. तिनं मला विचारलं नव्हतं आणि मीही काही म्हणालो नाही. दोन वर्षं ती त्या घरात वाढली. माझी बदली टेंभुर्णीला झाली, मग मी सुट्टीच्या दिवशी जालन्याला जायचो, पोरीला मांडीवर घ्यायचो, ती रडली की परत द्यायचो.

पुढे सखारामचे वडील वारले. गावची माडांची वाडी आणि शिडाचा मचवा बघायला त्याला जाणं भाग होतं. तो म्हणाला, "मास्तर, पोर शाळेत जाण्याएवढी होईस्तोवर राहू दे आमच्याकडे. तुझ्या घरात चूल पेटवायला कोण नाय." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की बायोनं माझ्याकडे वळून पाहिलं. सुटलो असं मला वाटलं होतं. आज लिहितानाही लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

चार वर्षं गेली. आक्काचा नवरा वारला आणि ती माझ्याकडे राहायला आली. आल्यावर महिनाभरात तिनं विषय काढला. "आता मी हाय ना घरात. जाय, घेऊन ये लेकराला. लोकाच्या दारी किती दिस ठेवतो? लोक काय म्हनून राह्यलेत, ऐकू येतं का न्हाई तुला?" तिनं अंदाजानं खणाचं परकर-पोलकं शिवलं. केवढी झाली असेल गोदा, असं तिनं विचारलं तेव्हा मी हात जमिनीपासून वर नेला, थोडा खाली आणला, पुन्हा वर नेला. बापाला लेकीची उंची सांगता येत नव्हती.

मनमाडला निजामाची रेल्वे संपते. तिथं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझं गाठोडं सोडायला लावलं. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि वर ते एवढंसं परकर-पोलकं. "किसका है?" त्यानं विचारलं. "बेटी का," मी म्हणालो. त्यानं गाठ पुन्हा स्वतःच्या हातानं बांधून दिली. पुढे मुंबई, मग बोट. बोट माणसांनी नुसती ठासून भरलेली होती. सगळे बापये, नवे सदरे घातलेले, प्रत्येकाजवळ पत्र्याची ट्रंक. सगळ्यांच्या तोंडावर एकच घाई, आणि ती घाई पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

बोट लांब उभी राहते आणि होडीनं काठाला यावं लागतं. काठावर गुडघाभर पाण्यात पोरं उभी होती, आपापल्या माणसाला हाका मारत. त्यातली एक उन्हानं रापलेली मुलगी, परकर खोचलेला, होडीची कड धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही जालन्याचे काय?" मी मान हलवली. ती गर्रकन वळली आणि बाकीच्या पोरांकडे पाहून ओरडली, "आले! माझे पण आले!"

रक्ताला रक्ताची ओळख पटते म्हणतात ते हेच, असं मी मनाशी म्हणालो आणि फुशारलो. त्या ओरडण्याचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला.

पहिल्याच सकाळी मी जी फजिती करून घेतली ती त्या गावात अजून सांगतात. त्याचं असं आहे, उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्याला यजमानाच्या पाण्याला हात लावायची चोरी वाटते. बायाबापड्या घागरभर पाण्यासाठी नदीच्या वाळूत अर्धा दिवस बसतात. म्हणून समजूतदार पाहुणा उजाडताच नदीत जातो, वाळूत हातभर खड्डा करून झिरा काढतो, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकतो, नितळ आलं की घागर भरून यजमानाच्या माठाशी आणून ठेवतो. आणि आमच्या घरची रीत अशी, की झिरा काढणाऱ्यानं आधी स्वतः प्यायचं नाही. पहिला पेला घरातल्या लहानाला द्यायचा.

मी उजाडता उठलो, बायोची घागर घेतली आणि समोरच्या वाळूत गेलो. पाणी उतरलेलं होतं. ओल्या वाळूत खड्डा काढला आणि अहाहा, काय भरभर पाझर! आमच्याकडे इतक्या पाण्यासाठी विटेवर उभ्या देवाचा धीर लागतो. समुद्र खारट असतो हे मास्तरला ठाऊक नव्हतं का, असं कुणी विचारेल. ठाऊक होतं, पोरांना शिकवत होतो. पण समुद्र खारट, वाळूतलं पाणी मात्र गोड, हे माझ्या डोक्यात त्याहून जुनं होतं. जन्मभर वाळूनं मला कधी फसवलं नव्हतं. घागर खांद्यावर घेऊन मी ऐटीत आलो, पेला भरला आणि गोदाच्या पुढे धरला. बाप म्हणून माझ्या हातानं दिलेली पहिली गोष्ट.

तिनं मोठा घोट घेतला, डोळे विस्फारले आणि सगळं अंगणात थुंकलं. मग हसत सुटली, हसून हसून खालीच बसली. "बाबा! अहो बाबा, बघा तरी! ह्यांनी समुद्रच भरून आणला!" बाबा म्हटल्यावर मी पुढे झालो. पण ती सखारामला हाक मारत होती. सखाराम घरातून आला, त्यानं घागरीत बोट बुडवून चाटलं आणि त्याचंही हसू फुटलं. "अरे मास्तर, मागे वाडीत विहीर हाय ना! मला विचारायचंस तरी!"

"मला वाटलं, तुमचं पाणी कशाला खर्ची घालावं," मी म्हणालो, आणि त्यावर तर बायोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. गोदानं माझं बोट धरून मला विहिरीवर नेलं. स्वतः पोहरा ओढून पाणी काढलं आणि माझ्या पायांवर ओतलं. वाडीतल्या माडांच्या मुळाशी पाणी नुसतं वाहत होतं. मी ते बघत उभा राहिलो. इथून हिला कुठं न्यायचं, असं पहिल्यांदा मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं.

गाव देखणं होतं, मला देखणेपणातलं काही कळत नसलं तरी. लाल मातीच्या वाटा, वाटेवर पडलेले रातांबे, दारोदार वाळत घातलेली आमसुलं आणि आंब्याची साठं, आणि कुठंही उभं राहिलं तरी माडांच्या फटीतून दिसणारं ते पाणी. मला त्याची सवय होईना. आमच्याकडे नजर शेवटी एखाद्या टेकाडावर नाहीतर बाभळीवर जाऊन थांबते, तिथं ती कशावर थांबतच नव्हती. सकाळी सगळे कामाला लागले की मी एका खडकावर जाऊन बसायचो. घरात चार माणसं, मित्र जिवाभावाचा, लेक पोटची, आणि मला जालन्याच्या रिकाम्या खोलीत वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटायचं. तिथं निदान कुणी नव्हतं म्हणून एकटा होतो.

तिसऱ्या दिवशी बायो फणस फोडत बसली होती. मी म्हणालो, पोरीनं मला लगेच ओळखलं, नवल आहे. ती हात थांबवून म्हणाली, "भाऊजी, आमच्या वाडीत घरी राहणारा बाप एकच, तो आमचा. बाकी सगळे मुंबैला, कोण गिरणीत, कोण बोटीवर. मे महिन्यात येतात, आठ-पंधरा दिवस राहतात, पाऊस लागायच्या आत जातात. पोरं बंदरावर घ्यायला जातात. गोदू पण जायची त्यांच्यासंगं, नुसती बघायला. हिला आम्ही काय लपवलेलं नाय. तुझे वडील जालन्याला, असं पहिल्यापासून सांगितलेलं. मग ही विचारायची, सगळ्यांचे येतात, माझे कधी येणार? ह्या वर्षी तुमचं पत्र आलं, तर गावभर सांगत फिरली."

तर असं होतं ते. रक्त वगैरे काही नाही. प्रत्येक पोराला मे महिन्यात येणारे एक वडील असतात आणि तिचे कधी आले नव्हते. बाबा वेगळे, ते रोजचे, घरचे. वडील म्हणजे ट्रंक घेऊन येतात ते. मे हा शब्दही मी तिथंच शिकलो. घरी आम्ही वैशाख म्हणायचो आणि शाळेच्या हजेरीपटावर निजाम सरकारचा तीर महिना असायचा.

मग मीही वडील झालो. गोदा मला घरोघर घेऊन जायची. "हे माझे वडील. जालन्याचे. मास्तर आहेत." प्रत्येक पडवीत एकेक नवा सदरा बसलेला असायचा, आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवायचो. पोरं माझं बोलणं ऐकायला जमायची. मी "मंग" म्हणालो की खिदळायची, आणि गोदा त्यांच्यावर डोळे वटारायची. त्या पाच-सहा दिवसांत मी जितका बाप होतो तितका पुढं कधी झालो नाही.

अष्टमीला तिनं मला संध्याकाळी लवकर घरी चलायला लावलं. "सहाला भरती आहे." मी विचारलं, तुला कसं कळलं? "आज अष्टमी ना? आठ पाऊणे सहा. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते." मी थक्क झालो. पाऊणकी घोकून घेताना मी टेंभुर्णीच्या पोरांच्या पाठी लाल केल्या होत्या आणि तिचा उपयोग काय हे मला एकानंही विचारलं नव्हतं. मी तिला उलटसुलट विचारलं. दहा पाऊणे? साडेसात. बारा पाऊणे? नऊ. एकदाही अडखळली नाही. "कुणी शिकवलं गं?" "बाबांनी." मास्तरच्या लेकीला फिटरनं पाऊणकी शिकवली होती, आणि माझ्यापेक्षा चांगली शिकवली होती.

तेव्हाच मी धीर करून विचारलं. "गोदा, टेंभुर्णीला येतीस का माझ्यासंगं?"

"किती दिवस?"

"राहायलाच."

तिनं विचार केला. ती खडकावर उभी होती आणि मी खाली, त्यामुळे आमची तोंडं समोरासमोर होती. मठ्ठ पोराला समजावावं तसं ती मला समजावू लागली. "पण वडील जातात ना. पोरं नाय जात." मग तिला खरी अडचण सुचली. "आणि मी तिकडे आले, तर पुढच्या मे महिन्यात तुम्हाला बंदरावर घ्यायला कोण येणार?"

याचं उत्तर देणं माझं काम होतं. मी बाप आहे, तुझी आत्या वाट बघून राह्यलीय, तुझं घर तिकडे आहे, एवढं सांगितलं असतं तर ती रडली असती, आली असती, आणि दोन महिन्यांत रुळलीही असती. पोरं रुळतात. मी म्हणालो, "चल, पाणी चढून राह्यलं."

निघायच्या आदल्या दुपारी बायोनं गोदाचं बोचकं बांधून माझ्या गाठोड्याशेजारी ठेवलं होतं. दोन परकर, फणी, साठाची एक वळकटी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "शब्द दिलाय तो दिलाय, भाऊजी. पोर तुमची. फक्त तिला मीच सांगते, तुम्ही सांगू नका." सखाराम दारात उभा होता. तो बाहेर पडला, हातात काही न घेता, तसाच वाडीतून पुढे चालत गेला. मी बोचक्याशी बसलो आणि गाठ सोडली. फणी काढून कोनाड्यात ठेवली. आक्कानं शिवलेलं परकर-पोलकं बोचक्यातल्या कपड्यांवर ठेवलं. "राहू द्या, बायो. पुढच्या साली बघू." बायो भिंतीकडे तोंड करून रडली. मला त्या क्षणी फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

तिथल्या पोरांना शिकवून ठेवलेलं असतं, जाणाऱ्यासमोर रडायचं नाही. सगळी ओळीनं उभी राहिली आणि होडी सुटली तशी एकदम ओरडली, "पुढच्या मे महिन्यात!" गोदाचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला. आम्ही सगळे बाप होडीतून ओरडलो, "येतो!" मीही ओरडलो, सगळ्यांइतक्याच जोरानं. बोटीत एकानं विचारलं, तुम्ही कुठल्या गिरणीत? मी म्हणालो, शाळेत. त्यानं बरं म्हणून तोंड फिरवलं.

घरी आक्का दारातच होती. तिनं माझ्या मागे पाहिलं, मग वाटेवर पाहिलं. "एकलाच आलास? पोर कुठंय?"

"तिथं रमलीय ती, आक्का. तिचं घर हाय ते."

"आन् ह्ये घर कुणाचं हाय मंग?" एवढंच म्हणाली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

गावानं मात्र मला डोक्यावर घेतलं. दुसऱ्याच्या मायेसाठी पोटच्या पोरीवर पाणी सोडलं, केवढं मन मास्तरचं! वर्षभर मी ते ऐकलं आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. दुःख सदऱ्यासारखं अंगाला बसलं. शाळेत पोरांना पाऊणकी घोकून घेताना मी मध्येच थांबायचो, आणि आपण थांबलो आहोत हे लोकांना दिसतंय हेही मला ठाऊक असायचं.

मग पुन्हा वैशाख आला. जायचं तर होतंच. पण मनात आलं, आता गेलो तर या खेपेला सोडून येणं जमणार नाही. मग वाटलं, पोरीचं मन उगाच हलेल. मग आक्काचे गुडघे दुखायला लागले, ऊन फार होतं, पत्र पाठवू, पुढच्या साली जाऊ. कारणं कशी शोधावी हे माणसाला शाळेत शिकवावं लागत नाही. पत्रसुद्धा मी पाठवलं नाही.

पुढे दोनदा गेलो, एकदा ती दहा वर्षांची असताना आणि नंतर तिच्या लग्नाला. दोन्ही वेळा तिनं वाकून नमस्कार केला, पाट मांडला, प्रवास कसा झाला विचारलं. कशात काही उणं नव्हतं. सखारामनं कन्यादान केलं, मी मांडवात अक्षता टाकल्या, आणि ते तसंच बरोबर होतं. आज तिचं घर त्याच काठावर आहे. सुखात आहे, मला ते कळतं.

पण उन्हाळ्याच्या दुपारी मला आठवतं ते एक कार्ड. मी गेलो नाही त्या वर्षी, मृग लागून आठ दिवस झाले असतील तेव्हा ते आलं. सखारामचं वाकडं अक्षर, सगळ्या कडांपर्यंत लिहिलेलं. गोदू मजेत आहे. आंबा यंदा कमी. मचवा वर ओढून शाकारला. शेवटी लिहिलं होतं: "पोर यंदा सगळ्या बोटींना बंदरावर गेली. आम्ही अडवलं नाही. शेवटची बोट रिकामी झाली तेव्हा पोरांनी विचारलं, तुझे वडील का नाय आले? तिनं सांगितलं, माझ्या वडिलांवाचून तिकडे काम अडतं, त्यांना यंदा रजाच दिली नाय. आम्ही तिथं उभे होतो. तब्येत जप."

मी ते कार्ड ओसरीवर बसून वाचलं. आक्का आत झोपलेली होती. रजा मला दीड महिन्याची होती, आणि त्यातला एकही दिवस मी कुठं गेलो नव्हतो.